फँटसी बेसबॉल: वर्गणी पन्नास डॉलर, हिशेब वेगळाच

मार्च लागला की अमेरिकेतल्या ऑफिसांमध्ये एक ईमेल फिरू लागते: लीगमध्ये एक टीम कमी पडतेय, येणार का, पन्नास डॉलर आहेत. एडिसन, डॅलस किंवा बे एरियात नोकरी करणाऱ्या मराठी मंडळींना ती हमखास येते. क्रिकेटच्या सरासऱ्या तोंडपाठ असलेला माणूस बेसबॉलच्या आकड्यांतही रमणार, असा सहकाऱ्यांचा होरा असतो आणि तो बहुतेकदा खरा ठरतो. हो म्हणायला हरकत नाही, फक्त आधी हिशेब करून घ्या. खिशातले डॉलर इथे फारसे जात नाहीत. वेळ बऱ्यापैकी जातो. पण मार्चमध्ये लोक खरे बुडतात ते लिलावातल्या खोट्या डॉलरांत, आणि तेही सहसा एखाद्या खेळाडूबद्दलचं दोन ओळींचं ताजं टिपण वाचून.

खेळ थोडक्यात असा. मेजर लीगच्या खऱ्या खेळाडूंवर खोट्या डॉलरांच्या लिलावात बोली लावून तुम्ही कागदावर आपली टीम बांधायची. मार्चअखेरीपासून सप्टेंबरअखेरीपर्यंत ते मैदानावर जे करतील ते तुमच्या खात्यात जमा. डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी १९८० मध्ये न्यू यॉर्कमध्ये हा प्रकार सुरू केला. ज्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये ही मंडळी जमायची त्याच्या नावावरून त्याला ‘रोटिसरी’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘रोटो’. आज रूढ असलेल्या पद्धतीत दहा रकाने असतात. बॅटरांचे पाच: सरासरी, होमरन, आरबीआय, रन आणि स्टील (धावून चोरलेला बेस). पिचरांचे पाच: विजय, सेव्ह, स्ट्राइकआउट, ईआरए आणि व्हिप. बारा टीमांच्या लीगमध्ये प्रत्येक रकान्यात पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. दहा रकान्यांची बेरीज ज्याची जास्त तो जिंकला.

वर्गणी कोणाकडे राहते?

ऑफिसातल्या लीगची वर्गणी साधारण २० ते १०० डॉलरच्या दरम्यान असते. पन्नास डॉलर धरले तर बारा जणांचे ६०० होतात. पहिल्याला ६० टक्के, दुसऱ्याला ३० आणि तिसऱ्याला १० अशी वाटणी असेल तर ३६०, १८० आणि ६० डॉलर. म्हणजे तिसरा आलेल्याला वर्गणी परत मिळून वर दहा डॉलर, आणि उरलेल्या नऊ जणांचे पन्नास गेले. सहा महिन्यांच्या करमणुकीला हे स्वस्तच पडतं.

प्रश्न पैसे कोणाकडे राहतात याचा आहे. इथे भिशीचा नियम लावावा: चालवणारा माणूस ओळखीचा असेल तरच हातात रोख द्या. एका लीगमध्ये ऑक्टोबरचं बक्षीस नाताळ उलटला तरी मिळालं नव्हतं. कमिशनरने, म्हणजे लीग चालवणाऱ्याने, मध्ये नोकरी बदलली होती, एवढंच कारण. अनोळखी लोक असतील तर लीगसेफसारख्या सेवेत पैसे ठेवायचा आग्रह धरा. ती वर्गणी मोसमभर सांभाळते आणि लीगच्या सदस्यांच्या संमतीने वाटते. आणखी एक विचारून घ्या: खेळाडू बदलायला दर वेळी पैसे पडतात का? जुन्या वळणाच्या लीगमध्ये प्रत्येक बदलीला डॉलर-दोन डॉलर घेतात. हौशी माणूस मोसमात चाळीस बदल्या सहज करतो, म्हणजे पन्नासाची वर्गणी तिथेच दुप्पट झाली.

याच्या वरचा थर म्हणजे एनएफबीसीसारख्या राष्ट्रीय स्पर्धा. तिथल्या मुख्य स्पर्धेची प्रवेश फी हजार डॉलरच्या वर आहे. पहिल्या वर्षी तिकडे फिरकू नये. ड्राफ्टकिंग्ज आणि फॅनड्युएलवरचा रोजच्या रोज टीम लावायचा खेळ हा वेगळाच प्रकार आहे. त्यात कंपनी आपला वाटा आधी काढून घेते आणि उरलेल्या पैशावर सॉफ्टवेअर घेऊन बसलेले व्यावसायिक लोक तुमच्याशी भिडतात. ऑफिसच्या लीगचा अनुभव तिथे कामाला येत नाही. सिॲटल-रेडमंडकडच्या वाचकांनी एक ध्यानात ठेवावं: वॉशिंग्टन राज्यात पैसे लावून फँटसी खेळणं कायद्यात बसत नाही. बाकी राज्यांतही जिंकलेली रक्कम करपात्र उत्पन्नच असते.

फुकट काय मिळतं

जवळपास सगळं. याहू आणि ईएसपीएनवर लीग चालवायला पैसे पडत नाहीत, फॅनट्रॅक्सचीही साधी आवृत्ती फुकट आहे. कोणता खेळाडू यंदा किती करील याचे अंदाज फॅनग्राफ्सवर बिनपैशात बघायला मिळतात: स्टीमर, झिप्स, एटीसी. तिथेच लिलावाचा कॅल्क्युलेटर आहे. आपल्या लीगचे नियम भरले की तो प्रत्येक खेळाडूची डॉलरमधली किंमत काढून देतो. चेंडू किती वेगाने आला, बॅटवरून किती जोरात गेला, हे सगळं बेसबॉल सॅव्हंटवर उघडं आहे आणि तेही फुकट.

पैसे घेणारेही आहेत. बेसबॉल प्रॉस्पेक्टसचे पेकोटा अंदाज किंवा रोटोवायरची सविस्तर टिपणं यांना वर्गणी लागते. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी काहीच घेऊ नका. फुकटचं वाचायलाच वेळ पुरत नाही, आणि न वाचलेली माहिती विकत घेऊन कोणी वर सरकलेलं मी पाहिलेलं नाही.

सामने बघायचे असतील तर मात्र खिसा हलका होतो. एमएलबी टीव्हीचं वर्षाचं शुल्क २०२४ मध्ये सुमारे १५० डॉलर होतं. म्हणजे ज्या लीगसाठी बघायचं तिच्या वर्गणीच्या तिप्पट. शिवाय तुमच्या भागातल्या संघाचे सामने त्यात थेट दिसत नाहीत. न्यू जर्सीत राहून यांकीज आणि मेट्स बघायला म्हणून ते घेणारा फसतो. लीग खेळण्यासाठी सामने बघणं गरजेचं नाही. आकडे सकाळी फोनवर येतातच.

वेळेचा हिशेब घरच्यांना आधीच सांगून ठेवा. बारा टीमांनी प्रत्येकी २३ खेळाडू घ्यायचे म्हणजे २७६ खेळाडूंचा लिलाव. एकेकाला पाऊण मिनिट धरलं तरी साडेतीन तास जातात, आणि तो बहुधा शनिवार-रविवारचा दिवस असतो. रोज टीम बदलायची लीग असेल तर दिवसाला पंधरा मिनिटं गेली तरी मोसमाअखेरीस पंचेचाळीस तास होतात, एका पूर्ण कामाच्या आठवड्याहून जास्त. आठवड्यातून एकदाच टीम लावायची लीग मिळाली तर तीच घ्या. लहान मुलं असतील तर दुसरा विचारच करू नका.

टिपणं कशी वाचायची

फेब्रुवारीच्या मध्यापासून संघांची सराव शिबिरं भरतात, १५ संघ फ्लोरिडात आणि १५ ॲरिझोनात. तिथले सामने कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत, पण तिथून रोज शेकडो टिपणं निघतात आणि लिलावातले भाव त्यांवर हलतात. नमुना म्हणून एक घ्या. नाव कोणाचंही घाला, मजकूर दरवर्षी हाच असतो: पिचरला कोपराखालच्या स्नायूत ताठरपणा जाणवला, खबरदारी म्हणून त्याची पुढची पाळी वगळली, एमआरआय होईल, पण काळजीचं कारण नाही असं मॅनेजर म्हणाले.

नवखा माणूस शेवटचा भाग वाचून निश्चिंत होतो. मुरलेला खेळाडू पहिल्या भागावरच थांबतो. कोपराखालचा ताठरपणा हा कित्येकदा कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध फाटू लागल्याचा पहिला इशारा असतो. त्यावरची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये पहिल्यांदा टॉमी जॉन या पिचरवर केली आणि त्याचंच नाव तिला चिकटलं. परत यायला बारा ते अठरा महिने लागतात. मार्च २०२५ मध्ये यांकीजच्या गेरिट कोलचं कोपर एका सराव सामन्यानंतर दुखू लागलं आणि आठवड्याच्या आत त्याच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली. २०२३ मध्ये अमेरिकन लीगचा साय यंग पुरस्कार मिळवलेला पिचर पूर्ण मोसमाला मुकला. ज्यांचा लिलाव आधी उरकला होता त्यांचे पैसे गेले. ॲटलांटाच्या स्पेन्सर स्ट्रायडरने २०२३ मध्ये २० विजय आणि २८१ स्ट्राइकआउट मिळवले, त्यामुळे पुढच्या मार्चमध्ये तो सर्वांत महाग पिचरांपैकी एक होता. २०२४ मध्ये दोनच सामन्यांत त्याने पिचिंग केलं, मग कोपर गेलं. त्याच्याबाबत तर मार्चमध्ये इशारा नव्हताच. महाग पिचर हा धोक्याचाच माल आहे. त्यात ताठरपणाचं टिपण आलं असेल तर मी निम्म्या भावालाही हात लावत नाही.

बॅटरांच्या दुखापतींमध्ये बरगड्यांखालचा तिरका स्नायू, म्हणजे ऑब्लिक, सर्वांत फसवा. संघ म्हणतो, रोजचं रोज पाहू. प्रत्यक्षात निदान महिना जातो. मांडीचा स्नायू थोडा आखडला असेल तर मात्र मार्चमध्ये घाबरू नये. संघ तेव्हा मुद्दामच खेळाडूला जपतात.

मग येतात गोड टिपणं. अमुक जण आयुष्यात इतका फिट कधीच नव्हता. तमुकाने हिवाळ्यात सात किलो स्नायू कमावले. कोणी बॅट धरायची पद्धत बदलली आणि शिबिरात चारशेच्या (०.४००) सरासरीने मारतोय. यांतल्या एकालाही जास्तीचा डॉलर देऊ नका. शिबिरात बॅटरला जेमतेम पन्नास-साठ संधी मिळतात. समोरचे निम्मे पिचर खालच्या लीगमध्ये परत जाणारे असतात, पाठीवर ऐंशी-नव्वदीतले नंबर घातलेले. जे नामवंत आहेत ते नव्या प्रकारच्या चेंडूचा सराव म्हणून तोच तोच चेंडू टाकत बसलेले असतात. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत चेंडूही दूर जातो. इतकं सगळं जुळून आल्यावर सरासरी चारशे झाली नाही तरच नवल.

उपयोगी टिपणं नीरस असतात. पिचरच्या चेंडूचा वेग गेल्या वर्षीपेक्षा दोन मैलांनी वाढला, ही बातमी खरी. वेग काही प्रतिस्पर्धी बघून वाढत नाही. बॅटिंगच्या क्रमात सातव्यावरून दुसऱ्यावर गेला, हीदेखील खरी, कारण वरच्या क्रमाला मोसमभरात कितीतरी जास्त संधी मिळतात. सामन्याच्या शेवटी सेव्ह मिळवणारा क्लोजर कोण, हे मॅनेजरने नाव घेऊन सांगितलं तर त्या एका वाक्याची किंमत दहा डॉलर आहे.

आणि पैशाची बातमी तर कधीच सोडू नका. मिलवॉकीने जॅक्सन चुरिओशी तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळण्याआधी आठ वर्षांचा ८.२ कोटी डॉलरचा करार केला. त्या कराराने तरुण खेळाडूबद्दलचा सर्वांत मोठा प्रश्न सोडवला: तो पहिल्या दिवसापासून खेळणार का? २०२४ च्या जूनपर्यंत तो चाचपडत होता, तरी संघाने त्याला ठेवलं. शेवटी त्याच्या नावावर २१ होमरन आणि २२ स्टील लागले. याच्या उलट २०१५ चा क्रिस ब्रायंट. शिबिरात नऊ होमरन मारूनही शिकागो कब्जने त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं, कारण थोडे दिवस उशिरा आणलं की खेळाडू संघाच्या ताब्यात आणखी एक वर्ष राहतो. तो १७ एप्रिलला आला, म्हणजे मोसम सुरू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला. ‘खाली पाठवलं’ हे टिपण वाचून ज्यांनी हात आखडला त्यांनी संघाचा हिशेब खेळाडूच्या नावावर लिहिला.

२०२३ चं सर्वांत मोलाचं टिपण तर कुठल्याच खेळाडूबद्दल नव्हतं. बेसची रुंदी १५ इंचांवरून १८ केली आणि धावपटूला रोखण्यासाठी पिचरने किती वेळा थांबायचं यावर मर्यादा घातली. २०२२ मध्ये सगळ्या लीगमध्ये मिळून २,४८६ स्टील झाले होते, २०२३ मध्ये ३,५०३. ज्यांनी जुन्या टंचाईच्या भावाने स्टील विकत घेतले त्यांना नंतर ते रस्त्यावर पडलेले दिसले.

लिलावाची तारीख तुमच्या हातात असेल तर ती शक्य तितकी पुढे ढकला. मार्च २०२३ मध्ये एडविन डियाझ हा सर्वांत महाग क्लोजरांपैकी होता. जागतिक स्पर्धेतला एक सामना त्याच्या पोर्तो रिकोने जिंकला, त्या जल्लोषात उड्या मारताना त्याच्या गुडघ्याचा स्नायुबंध तुटला आणि वर्ष गेलं. उशीर करण्यातही एक अडचण आहे: २०२४ चा मोसम २० मार्चला सोलमध्ये आणि २०२५ चा १८ मार्चला टोकियोत सुरू झाला. अशा परदेशी सामन्यांचे आकडे धरायचे की नाही, हे लीगने आधीच लिहून ठेवावं. नंतर त्यावरून होणारी भांडणं बघण्यासारखी असतात, सोसण्यासारखी नसतात.

२६० डॉलरचं बजेट

लिलावात प्रत्येक टीमला २६० खोटे डॉलर मिळतात. त्यांत १४ बॅटर आणि ९ पिचर बसवायचे. बारा टीमांचे मिळून ३,१२० डॉलर. रिवाज असा की ६५ ते ७० टक्के रक्कम बॅटरांवर जाते, म्हणजे १७० ते १८०. स्ट्रायडर आणि कोलची गोष्ट वाचल्यावर हा रिवाज का पडला ते सांगायला नको. उरलेला डॉलर घरी नेता येत नाही, त्यामुळे काटकसरीचं इथे कौतुक नाही. पण शेवटच्या तासाचं गणित डोक्यात हवं: दहा जागा भरायच्या असतील आणि ४० डॉलर हाती असतील तर तुमची कमाल बोली ३१, कारण बाकी नऊ जणांना प्रत्येकी निदान एक डॉलर लागतोच.

जुन्या लीगमध्ये तुम्ही नवे असाल तर तिथे गेल्या वर्षीचे खेळाडू जुन्या भावात राखून ठेवायची पद्धत आहे का ते विचारा. असेल तर छापील भाव बाद. समजा, राखलेल्या खेळाडूंवर सगळ्यांचे मिळून ६०० डॉलर लागले, पण त्यांची खरी किंमत १,००० होती. आता बाजारात २,५२० डॉलर उरले आणि माल मात्र २,१२० चा. म्हणजे सुमारे १९ टक्के महागाई. कॅल्क्युलेटर ज्याला ३० म्हणतो तो ३६ ला जाणार. हे न कळलेला माणूस ‘सगळे वेडे झालेत’ म्हणत गप्प बसतो आणि शेवटी गाळसाळ उचलतो.

पहिले तीन आठवडे

मोसम सुरू झाल्यावर मोकळ्या खेळाडूंसाठी दर आठवड्याला बंद बोली होते. त्याला फाब म्हणतात, बजेट बहुधा वर्षभराला १०० डॉलर, आणि तेही खोटेच. एप्रिलमध्ये हे बजेट उधळायला दोन नावं पुरतात. २००६ मध्ये डेट्रॉइटच्या क्रिस शेल्टनने पहिल्या १३ सामन्यांत ९ होमरन मारले. वर्षभराचे झाले १६, आणि जुलैअखेरीस तो खालच्या लीगमध्ये होता. २०२१ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सच्या येर्मिन मर्सेडेसने मोसमाची सुरुवात सलग आठ हिट मारून केली. जुलैत तोही खाली गेला. यांच्यावर पन्नास-साठ डॉलर लावणाऱ्याकडे जूनमध्ये खऱ्या गरजेला काही उरत नाही.

उलटी चूक म्हणजे घाबरून विकणं. ट्रे टर्नरने ३० कोटी डॉलरचा करार करून २०२३ मध्ये फिलाडेल्फियाकडून पाऊल ठेवलं आणि ऑगस्ट उजाडला तरी त्याची बॅट बोलेना. शेवटी २६ होमरन, ३० स्टील. ज्याने त्याला मे महिन्यात निम्म्या भावात देऊन टाकलं त्याने मोसमाचे शेवटचे दोन महिने लीगच्या चॅटवर तोंड दाखवलं नाही. एप्रिलमध्ये माझा एकच अपवाद असतो: क्लोजर बदलला. जुना दुखावला किंवा मॅनेजरने दुसऱ्याला शेवटचा डाव दिला की वर्षभराचे सेव्ह एका रात्रीत मोकळे होतात. तिथे बजेटचा पाव हिस्सा लावायला हरकत नाही.

पुण्या-मुंबईतून खेळायचं असेल तर

फुकटच्या लीगमध्येच खेळा. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला आणि पैसे लावून खेळायचे फँटसी खेळ त्यात बंद झाले. मुंबईच्या ड्रीम ११ लाही आपल्या पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. अमेरिकेतल्या भावाच्या लीगमध्ये आपल्यातर्फे त्यालाच वर्गणी भरायला लावण्याची शक्कलही लढवू नका. याहू आणि ईएसपीएनवरच्या बिनपैशांच्या लीग भरपूर आहेत.

वेळा मात्र पाठ करा. उन्हाळ्यात न्यू यॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं. तिथला संध्याकाळी सातचा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो, दुपारी एकचा रात्री साडेदहाला, आणि लॉस एंजेलिसचा संध्याकाळी सातचा सकाळी साडेसातला. रोज टीम लावायची असेल तर ती झोपण्यापूर्वी लावून टाका, तेव्हा कोण खेळणार याची यादी लागलेली नसली तरी. बऱ्याच लीगमध्ये फाबची बोली न्यू यॉर्कच्या रविवारी रात्री उघडते, म्हणजे आपली सोमवारची सकाळ. दहाची वेळ असेल तर साडेसातपर्यंत बोली बदलता येते.